आपल्या यंत्राचा आपण कारभार

घर भाड्याचें असलें म्हणजे छप्पर गळतांच मालकाकडे निरोप धाडतां येतो. घर स्वतःचें असलें म्हणजे शिडी आपणच लावावी लागते. संगणकाच्या बाबतींत स्वतःच्या घराची हौस बाळगणारी माणसें आतां ठाण्या-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय बिऱ्हाडांतूनहि आढळतात.

संगणकाच्या पोटांत एक कारभारी असतो. कळीवर दाबलेलें अक्षर पडद्यावर उमटविणें, कागदपत्रें जागच्या जागीं ठेवणें, एकाच वेळीं चाललेल्या दहा कामांना आपापला वांटा देणें, हें सारें तो पाहतो. त्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बहुतेक घरीं हा कारभारी एखाद्या कंपनीनें नेमलेला असतो आणि त्याची वही कोणास उघडतां येत नाहीं. कोणासहि वाचतां, बदलतां व वांटतां येईल अशी प्रणाली रचण्याचा संकल्प अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जाहीर केला. पुढें १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें लिनक्स हा गाभा पुढें आणला. त्यावर उभारलेल्या अनेक प्रणालींपैकीं २००२ सालीं निघालेली ‘आर्च’ ही विशेष स्वावलंबी. तिची मांडणी ज्याची त्यानें करावयाची; आणि सुधारणा तर वाहत्या पाण्यासारख्या अखंड येत राहतात.

कोलशेत हें उल्हासच्या खाडीकांठचें जुनें गांव. आज तेथें कारखान्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या आहेत. अशाच एका इमारतींत राहणारा, हिशेबाच्या नोकरींतला एक गृहस्थ कल्पावा. संगणकशास्त्राशीं त्याचा संबंध नाहीं. जुनें यंत्र मंदावलें म्हणून त्यानें पुस्तकी सूचना वाचून आर्चची मांडणी केलेली.

दिवस ३० ऑगस्ट २०२२ चा. हरतालिका, दुसऱ्या दिवशीं गणेशचतुर्थी. सोसायटीच्या वर्गणीचा हिशेब त्याच यंत्रांत. सकाळीं त्यानें नव्या सुधारणा उतरवून घेतल्या, आरंभाची यादीहि नव्यानें लिहविली आणि यंत्र पुन्हा सुरू केलें. पाहतो तों नेहमीच्या यादीऐवजीं यंत्राच्या मूळ मांडणीचा पडदा समोर! बंद करून चालू केलें. पुन्हा तोच पडदा. उपवासाच्या गडबडींतून पत्नीनें विचारलें, “अहो, साध्या वहींत लिहिलें असतें तर चाललें नसतें का?” त्याच्याजवळ उत्तर नव्हतें.

घडलें तें असें. यंत्र जागें होतांच ‘ग्रब’ नांवाचा दारवान आधीं उठतो, यादी वाचतो आणि मग मुख्य कारभाऱ्यास उठवितो. सुधारणेबरोबर नवा ग्रब घरांत येतो खरा. पण दारावर त्याची नेमणूक हातानें करावी लागते. तोंवर जुनाच उभा असतो. यादी मात्र नव्या पद्धतीची झाली होती. तिच्यांत “मूळ मांडणींत जाण्याची सोय आहे काय?” असा केवळ प्रश्न होता, जुन्या दारवानास तो “तेथें जा” असा हुकूम वाटला. आर्चच्या सूचनाफलकावर त्याच दिवशीं इशारा लागला होता. तो मात्र याच्या वाचनांत आला नव्हता.

उपाय फोनच्या चिमुकल्या पडद्यावर सांपडला. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करावें, बंद घरांत मागील दारानें शिरावें, नव्या ग्रबची नेमणूक करून यादी पुन्हा लिहावी. दोनच आज्ञा; पण एक अक्षर चुकलें कीं पुन्हा आरंभ. दिवेलागणीस यंत्र उठलें. वर्गणीचा आंकडा न् आंकडा जागेवर होता. दुखणें दारांत होतें, तिजोरींत नव्हतें.

या प्रकारांत दोष कोणाचा? गृहस्थाचें अज्ञान हा दोष नव्हे; अर्धें काम करून तें पुरें झालें असें मानणें, हा दोष. शिवाय हिशेबाची दुसरी प्रत कोठेंच नव्हती, हा त्याहून मोठा. ज्यांना रोजची डागडुजी नको, त्यांच्यासाठीं १९९३ पासून चालत आलेली डेबियनसारखी सावकाश बदलणारी प्रणाली आहे. तिच्याच आधारें सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ सालीं ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली काढली. मोकळी वही तेथेंहि आहे. शिडीवर चढण्याचे प्रसंग तेवढे कमी.

त्या गृहस्थानें आर्च सोडली नाहीं. परंतु गणपतीचे दिवस उलटल्यावर टेबलाच्या खणांत एक पेनड्राइव्ह कायमचा आला, हिशेबाची दुसरी प्रत वेगळ्या तबकडीवर गेली, आणि सुधारणेपूर्वीं सूचना वाचण्याचा नेम सुरू झाला. मालकी म्हणतात ती बहुधा अशा लहान नेमांचीच बनलेली असते.