स्मृती, नाडी आणि रक्तदाब



स्मृतिभ्रंश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विसरणे येते. चष्मा कोठे ठेवला ते आठवत नाही, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली जाते, तोच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारला जातो. परंतु आठवण ठेवणे हे मेंदूच्या अनेक कामांपैकी एक झाले. आपल्याला कळूही न देता तो अहोरात्र हृदयाचे ठोके आणि रक्ताचा दाब सांभाळीत असतो. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या माणसात या दुसऱ्या कामाचे काय होते, हा माझा आजचा विषय आहे. विषय वैद्यकाचा खरा. पण त्याचा संबंध घरातल्या खाटेशी, पाटाशी आणि न्हाणीघराशी आहे, म्हणून तो आपल्यापुढे मांडीत आहे.

प्रथम निरोगी शरीरातील व्यवस्था पाहू. आपण अंथरुणातून उठून उभे राहतो, त्या क्षणी अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरते. मेंदू तर हृदयाच्या वर बसलेला. त्याचे वजन शरीराच्या 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा त्याला एकट्याला हवा. हा पुरवठा काही सेकंद तुटला तरी शुद्ध हरपते. मग आपण रोज सकाळी कोसळत का नाही? मानेतील मोठ्या रोहिण्यांच्या आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या भिंतींत ताण ओळखणारे मज्जातंतू असतात. दाब किंचित उतरला की ते मेंदूच्या बुडाशी असलेल्या लंबमज्जेला वर्दी देतात. तेथून दोन हुकूम सुटतात. हृदयाला आवरून धरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूने लगाम सैल सोडावा, हा पहिला. रक्तवाहिन्यांनी आकसून रक्त वर ढकलावे, हा दुसरा. आपण चपला शोधीपर्यंत सारे काम उरकलेले असते.

व्हेगस हा लगाम कसा ओढतो, याचा शोध मोठा मनोरंजक आहे. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे ओटो लोएवी नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांना स्वप्नात एक प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत त्यांनी तो कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले, तेव्हा मात्र ते तडक प्रयोगशाळेत गेले. एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस त्यांनी उद्दीपित केला. त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर सोडताच तेही मंदावले. म्हणजे मज्जातंतू रासायनिक द्रव्य सोडून हुकूम पोचवितो, हे 1921 साली सिद्ध झाले. त्या द्रव्याचे नाव ॲसिटिलकोलीन. या कार्यासाठी लोएवींना हेन्री डेल यांच्यासमवेत 1936 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता गंमत पाहा. हेच ॲसिटिलकोलीन मेंदूत स्मरणाच्या आणि अवधानाच्या कामी येते, आणि अल्झायमरच्या रोगात ते निर्माण करणाऱ्या पेशी झिजतात. म्हणून डोनेपेझिलसारखी औषधे ते द्रव्य टिकवून धरतात. पण स्मृतीसाठी टिकविलेले द्रव्य हृदयालाही लागू पडते. काहींची नाडी मंदावते, क्वचित घेरी येते. नाडी मंद करणारे दुसरे एखादे औषध आधीच चालू असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

रोगही सारे एका जातीचे नाहीत. अलॉइस अल्झायमर यांनी 1906 साली वर्णन केलेल्या रोगात दाब सावरण्याच्या व्यवस्थेतला बिघाड बहुधा सौम्य असतो, आणि तो सर्वांत सारखा दिसत नाही. परंतु फ्रेडरिक लेवी यांनी 1912 साली ज्या सूक्ष्म कणांचे वर्णन केले, ते ज्या स्मृतिभ्रंशात आढळतात, त्यात हृदयाकडे व रक्तवाहिन्यांकडे जाणारे मज्जातंतूच पोखरले जातात, आणि तेही कित्येकदा फार लवकर. असा माणूस उभा राहतो, वर्दी जाते, पण हुकूम पोचत नाही.

हे ओळखायचे कसे? पाच मिनिटे आडवे झाल्यावर दाब मोजावा; मग उभे राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर दोष आहे असे मानतात. त्याबरोबर नाडीही पाहावी. शरीरात पाणी कमी पडल्यामुळे दाब 30 ने उतरला, तर हृदय घाईघाईने धावू लागते. तेवढाच दाब उतरूनही नाडी जेमतेम 5 ने वाढली, तर मज्जातंतूंविषयी शंका घ्यावी. मात्र काही गोळ्याही नाडीला धरून ठेवतात, हे ध्यानात असावे.

खरा धोका पुढेच आहे. अशा रुग्णांपैकी कित्येकांचा दाब झोपल्यावर वाढलेला आणि उभे राहिल्यावर कोसळलेला असतो. तो केवळ निजवून किंवा बसवून मोजला, तर आकडा मोठा दिसतो आणि गोळी वाढते. मग पहाटे लघवीला उठलेले आजोबा दारात पडतात, खुब्याचे हाड मोडते, आणि घरचे म्हणतात, "वय झाले!"

म्हणून गोळ्या बंद कराव्यात काय? मुळीच नाही. मध्यम वयातला वाढलेला रक्तदाब पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवितो. अमेरिकेत 50 वर्षांवरील 9,000 हून अधिक लोकांवर एक मोठी चाचणी झाली. तिचा बुद्धीविषयीचा निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाला. वरचा दाब 140 च्या खाली ठेवण्याऐवजी 120 च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ज्यांच्यासाठी ठेवले, त्यांच्यात सौम्य बौद्धिक ऱ्हास 19 टक्क्यांनी कमी आढळला; प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशाबाबत मात्र निर्णायक फरक दिसला नाही. पण उभे राहिल्यावर ज्यांचा वरचा दाब 110 च्या खाली जात होता, त्यांना या चाचणीत घेतलेच नव्हते. तेव्हा चाळिशी-पन्नाशीतल्या मुलाला लागू असलेला नियम विसराळू झालेल्या वडिलांना तसाच लावता येत नाही. गोळी किती आणि केव्हा, हे डॉक्टरांनी दोन्ही आकडे पाहून ठरवावे; आपण मनाने बदलू नये.

घरात करण्यासारखे पुष्कळ आहे. उठताना आधी खाटेच्या कडेला दोन मिनिटे बसवावे, पावलांची हालचाल करू द्यावी, मग उभे करावे. पाटावरून एकदम उठवू नये. कढत पाण्याची आंघोळ आणि भरपेट जेवण यांनीही दाब उतरतो. म्हणून पाणी कोमट असावे, जेवण थोडेथोडे द्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे मनाई नसेल, तर पाणी पुरेसे पाजावे. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवावा. गोळ्यांची डबी घरच्यांच्या हाती असावी. कारण घेतलेली गोळी विसरून ती पुन्हा घेणे, हे या रोगात सहज घडते.

शेवटी एकच गोष्ट. "मला उठताना अंधारी येते" हे सांगण्यासाठी ती अंधारी लक्षात राहावी लागते. या माणसांची तीच शक्ती उणावलेली असते. ती तक्रार करीत नाहीत, म्हणून त्यांना त्रास नाही, असे समजू नका. त्यांच्या वतीने लक्षात ठेवण्याचे काम आता आपले आहे. पुढच्या वेळी त्यांना डॉक्टरांकडे न्याल, तेव्हा एवढेच म्हणा: "एकदा उभे करूनही मोजा." त्या तीन मिनिटांत एखाद्या घरचे मोठे संकट टळू शकेल.