रस्ता मोकळा करणारा परमवीर

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा मुलगा खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये आहे. पूल बांधायचे, रस्ते करायचे, शत्रूने पेरलेले सुरुंग काढायचे, हे त्याच्या पलटणीचे काम. परवा पारावर कुणीतरी ताईंना म्हणाले, "म्हणजे मिलिटरीत जाऊन पोरगा खोरंच मारतो की!" ताईंना ते फार लागले. बैठकीत हप्त्यांचा हिशोब बाजूला राहिला आणि तासभर हाच विषय चालला. म्हणून आज आम्ही याच बॉम्बे सॅपर्समधल्या एका वीराविषयी बोलणार आहोत.

त्यांचे नाव रामा राघोबा राणे. जन्म १९१८ चा, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. वडील पोलिसात शिपाई. रामा १९४० साली साधे जवान म्हणून भरती झाले आणि पुढे अधिकारी झाले.

एप्रिल १९४८. काश्मीरमध्ये राजौरी हल्लेखोरांच्या ताब्यात होती. आपली फौज नौशेऱ्याहून तिकडे निघाली, पण डोंगरातला रस्ता झाडे पाडून अडवलेला आणि जागोजागी सुरुंग पेरलेले. रणगाडे पुढे जाणार कसे? ८ एप्रिलला राणे आणि त्यांचे सोबती सुरुंग काढायला बसले, तोच तोफगोळे येऊ लागले. दोन जण जागीच गेले, पाच जखमी झाले. जखमींत राणेही होते. तरी ते मागे फिरले नाहीत.

सुरुंग काढणे म्हणजे काय, ते जरा डोळ्यांसमोर आणा. हात घाईत चालवता येत नाहीत. आणि इथे तर वरून गोळ्यांचा मारा! एका ठिकाणी राणे रणगाड्याखाली सरपटत राहिले आणि दोराने खुणा करून चालकाला पुढे नेत गेले. असे ११ एप्रिलपर्यंत चालले. एक अडथळा काढला की वळणावर दुसरा. शेवटी रणगाडे चिंगसला पोहोचले आणि १२ एप्रिलला राजौरी सुटली. तिकडच्या कितीतरी साध्या माणसांचे जीव त्यामुळे वाचले.

राणेंना परमवीर चक्र मिळाले, तेही जिवंतपणी. बहुतेकांना हा मान मरणोत्तर मिळतो. या लढाईत त्यांच्या हातून किती शत्रू पडले, ते कुणी विचारले नाही. रस्ता खुला केला, हाच पराक्रम धरला गेला. आमच्या ताईंना हे ऐकवले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग हे त्या पारावरच्यांना कोण सांगणार?"

आणखी एक गोष्ट आपल्या बायकांनी माहीत करून घ्यावी अशी. हे पदक घडवले एका बाईंनी. सावित्रीबाई खानोलकर. जन्म युरोपातला, पण मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. मराठी, संस्कृत शिकल्या. पदकावर चार वज्रे आहेत. वज्र कशाचे, तर दधीची ऋषींच्या अस्थींचे. देवांसाठी त्यांनी देह दिला, ती कथा आपण कीर्तनात ऐकलेलीच आहे.

येत्या शनिवारी शाळेत मुलांना ही गोष्ट सांगायचे आम्ही ठरवले आहे. सांगणार आहेत त्याच ताई. पारावरच्या मंडळींनाही बोलावणे धाडले आहे.