कंपवात आणि फॅमिली डॉक्टर

(दापोडे येथे स्थानिक डॉक्टर व नागरिक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण संस्थेने डॉक्टरांना पुन्हा विद्यार्थी करून बाकावर बसवावे, हे मला फार आवडले. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करताना आपल्याला ३० गुणांची बेगमी दाखवावी लागते. पण गुणांसाठी शिकणे वेगळे आणि रुग्णासाठी शिकणे वेगळे. आज दुसऱ्या कारणासाठी बसू या.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या विकाराचे वर्णन केले. आपल्याकडे कंपवात हा शब्द जुनाच आहे. मात्र या शब्दाने एक घोटाळा होतो. कंप नसेल तर कंपवात नाही, असे आपण धरून चालतो. खरे लक्षण आहे मंदपणा. त्याच्या जोडीला ताठरपणा किंवा हात स्वस्थ असताना येणारा कंप असला, म्हणजे संशय घ्यावा. दुखणे बहुधा एका बाजूने सुरू होते. यंत्रमागावरचा कारागीर सांगतो, "तुटलेला धागा जोडायला आता वेळ लागतो." गोदामातला कारकून सांगतो, अक्षर बारीक होत चालले. कोणाचा खांदा आखडतो आणि महिनोन् महिने त्याला शेक देत बसतो आपण. वास न येणे, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणे या गोष्टी तर कित्येकदा वर्षानुवर्षे आधीपासून असतात. त्या विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही.

आता माझीच एक चूक सांगतो. एका वृद्ध विणकराला चक्कर येई म्हणून मी सिनारिझीन लिहून दिले. बरे वाटले म्हणून तो ते घेत राहिला आणि मीही थांबवले नाही. दीड वर्षाने तो पाय घासत, चेहरा कोरा करून आला. मी कंपवाताचे निदान केले, वर लेव्होडोपा सुरू केले. माझ्या एका वडीलधाऱ्या शिक्षकांनी त्याला पाहिले आणि एवढेच म्हणाले, "औषधांची पिशवी उलटी कर." जुनी गोळी बंद केल्यावर काही महिन्यांनी तो बराच सुधारला. सिनारिझीन, फ्लुनारिझीन, उलटीवरचे मेटोक्लोप्रामाईड व प्रोक्लोरपेराझीन आणि मनोविकारांवरची कित्येक औषधे मेंदूतील डोपामिनचे काम अडवतात. तेव्हा नवी चिठ्ठी लिहिण्यापूर्वी पिशवी पाहावी. खरा कंपवात असलेल्यालाही ही औषधे सहसा देऊ नयेत. मनोविकाराची औषधे मात्र ती सुरू करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज थांबवू नयेत.

या शोधाशी आपल्या देशाचा संबंध जवळचा आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला. तिच्यातून मिळालेल्या रेसरपिनने ससे निश्चल होतात आणि डोपा दिले की हालू लागतात, हे स्वीडनच्या कार्लसन यांनी १९५७ साली दाखवले. डोपामिनचे महत्त्व त्यातून उलगडत गेले. आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा आहे, हे मद्रासच्या संशोधकांनी १९३७ सालीच सांगितले होते. पण म्हणून कोणी बिया कुटून घेऊ नयेत. मात्रा कळत नाही आणि चालू गोळीत भर पडते ती निराळीच.

रोग समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. तरीही लेव्होडोपा व कार्बिडोपा यांची गोळी माणसाला पुन्हा उभे करते. बाजारात ११० आणि १२५ अशा गोळ्या मिळतात. दोहोंत लेव्होडोपा १०० मिलिग्रॅमच असते. फरक कार्बिडोपाचा, एकीत १० तर दुसरीत २५. मळमळ आटोक्यात राहण्यास दिवसाला साधारण ७५ मिलिग्रॅम कार्बिडोपा लागते. ११० च्या तीन गोळ्यांत ते जेमतेम ३० होते. रुग्णाला मळमळते, तो गोळी सोडतो आणि आपण म्हणतो औषध लागू पडले नाही! औषधविक्रेत्यांनीही एकीऐवजी दुसरी परस्पर देऊ नये.

गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. डाळ, अंडी, मटण यांतील प्रथिने तिच्या वाटेत येतात. वेळ घड्याळाबरहुकूम पाळावी. ती एकाएकी बंद केली तर तीव्र ताप, कमालीचा ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते. शस्त्रक्रियेसाठी दाखल होतानाही घरच्यांनी हे आधी सांगावे.

येथे रमजानचा प्रश्न येतोच. दिवसातून चार-पाच वेळा गोळी घेणारा वृद्ध घरच्यांना न सांगता रोजा धरतो आणि दुपारी जागचा हालू शकत नाही. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे, हे मी आपल्याला सांगायला नको. महिनाभर आधी त्याला बोलावून घ्या. आजार सौम्य असेल तर दिवसातून एकदाच घेण्याच्या औषधांचा विचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने करता येईल. नसेल तर स्पष्ट नाही म्हणा, आणि ते सांगायला मौलानासाहेबांची मदत घ्या. आपल्यापेक्षा त्यांचा शब्द लवकर पटतो.

शेवटी घराविषयी. सतरंजीची दुमडलेली कड काढा, मोरीत धरायला दांडी बसवा. पाय जमिनीला खिळले तर ओढू नका. जमिनीवर खडूची आडवी रेघ मारा आणि ती ओलांडायला सांगा. रोज चालणे औषधाइतकेच मोलाचे. आणि जी सून किंवा पत्नी रात्री चारदा उठून कूस बदलून देते, तिची नाडीही पाहत जा.

मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया मुंबईत होते आणि निवडक रुग्णांना तिचा लाभही होतो. पण पहिले पाऊल दवाखान्याच्या त्या बाकावरच पडते, जिथे कोणी हळूच सांगतो, "डॉक्टरसाहेब, सदऱ्याची बटणे लागत नाहीत हल्ली." ते वाक्य वय झाले म्हणून सोडून देऊ नका, एवढीच माझी विनंती.