हलत्या चित्रांतील कामकरी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी नव्या कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी त्यांना म्हटले, कायद्यांवर मी वर्षभर कारखान्यांच्या गेटवर बोलतच असतो. या खेपेला मला जपानी व्यंगचित्रपटांवर बोलू द्या. त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. तिचा परिणाम आणखी कुठे झाला की काय, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली. तरीही त्यांनी होकार दिला, याबद्दल मी त्यांचे आभार मानतो.

प्रारंभीच माझा अधिकार सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी कलासमीक्षक नाही. 1982 साली गिरणी संप झाला, वडिलांची गिरणी सुटली, आणि पुढे माझी शाळा नववीत सुटली. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले. जपानी भाषेचे एक अक्षर मला येत नाही. गेल्या पावसाळ्यात सहा आठवडे पाय लांब करून घरी बसावे लागले, तेव्हा माझ्या धाकट्या मुलीने मला हे चित्रपट दाखवले. खाली इंग्रजी अक्षरे धावत; जिथे मी मागे पडे तिथे ती थांबवून सांगे.

ही मुलगी स्वतः याच धंद्यात आहे. संगणकावर चित्रे काढते. तिच्या नोकरीला मी दोन वर्षे ‘चित्रे काढण्याचा छंद’ म्हणत असे. आजच्या बोलण्याचे मूळ तिथे आहे.

आपल्यापैकी पुष्कळांनी अशी चित्रे नकळत पाहिलेली आहेत. 1990 च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगलीची मालिका लागे आणि चाळीतली सगळी पोरे एका घरात गोळा होत. ती मालिका जपानमध्ये तयार झालेली होती. मी तेव्हा विशीत होतो. दारात उभा राहून पाहत असे आणि पोरांचा खेळ म्हणून निघून जात असे.

आता पहिला चित्रपट घेतो. हायाओ मियाझाकी यांचा 2001 सालचा ‘सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी’. जगात तो ‘स्पिरिटेड अवे’ या नावाने ओळखला जातो. बर्लिनच्या महोत्सवात त्याला 2002 मध्ये सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले आणि पुढल्या वर्षी ऑस्कर मिळाले. चिहिरो ही दहा वर्षांची मुलगी. तिचे आईबाप एका ओसाड गावात दुसऱ्यासाठी मांडलेल्या अन्नावर ताव मारतात आणि त्यांची डुकरे होतात. ते गाव देवदेवतांचे, आणि तिथे एक भले मोठे स्नानगृह आहे. जो काम करणार नाही त्याला तिथे माणूस म्हणून राहता येत नाही.

मुलगी प्रथम जाते ती बॉयलरवर. तिथला म्हातारा सहा हातांचा आहे. एका हाताने जडीबुटी कुटतो, दुसऱ्याने चाक फिरवतो. काजळीचे इवले इवले जीव एकेक कोळसा उचलून भट्टीत टाकतात. मुलगी काम मागते तेव्हा तो सांगतो की मला माणसांची गरज नाही, बदली हवे तितके मिळतात. मंडळी, मी खुर्चीत सरळ बसलो. ज्याने गिरणीच्या गेटवर बदली कामगारांची रांग पाहिली आहे त्याला हे वाक्य जपानी वाटणार नाही. एक काजळीचा जीव कोळशाखाली चेंगरतो, मुलगी त्याचा कोळसा उचलते, आणि लगेच बाकीचे सारे आपापला कोळसा अंगावर घेऊन चेंगरल्याचे सोंग करतात! हा प्रसंग ज्याने लिहिला त्याने कारखाना आतून पाहिलेला असला पाहिजे, असे मी मुलीला म्हटले. म्हातारा बजावतो की दुसऱ्याचे काम हिरावू नकोस; काम गेले तर हे जीव पुन्हा नुसती काजळी होतील.

पुढे स्नानगृहाची मालकीण युबाबा करारावर सही घेते. सही होताच ती कागदावरची मुलीच्या नावाची अक्षरे उचलून मुठीत घेते, एकच अक्षर शिल्लक ठेवते आणि सांगते की आजपासून तू सेन. ज्याचे नाव गेले त्याला घरची वाट सापडत नाही. माझ्या वडिलांना गिरणीत तिकीट नंबराने पुकारत. म्हातारपणी विस्मरण झाले तेव्हा ते नातवंडांची नावे विसरले, पण तो नंबर विसरले नाहीत. त्या प्रसंगानंतर मी मुलीला चित्रपट थांबवायला सांगितले. पाणी प्यायलो आणि मग पुढे पाहिला.

तथापि माझी एक तक्रार आहे. मुलगी आपल्या हिमतीने सुटते, आईबापांना सोडवते आणि निघून जाते. बाकीचे कामकरी तिथेच राहतात. तिला काम शिकवणारी रिन तिथेच राहते. कधीतरी पैसे साठवून या जागेतून निघून जाईन असे ती म्हणत असते. शेवटी सगळे मुलीसाठी टाळ्या वाजवतात, परंतु कराराचे कागद मालकिणीच्या कपाटातच राहतात. मी हे बोललो तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, ती दहा वर्षांची आहे. तुम्ही तिच्याकडून संप करून घेणार का?” मी म्हणालो, नाही, पण रिनसाठी कोणीतरी हवे होते. आमचे या बाबतीत अजून एकमत झालेले नाही.

मग तिने मला एक गोष्ट सांगितली. ती मी पुढे स्वतः पडताळून पाहिली. हे मियाझाकी 1963 साली तोएई दोगा या चित्रसंस्थेत सामान्य चित्रकार म्हणून लागले आणि 1964 मध्ये तिथल्या कामगार संघटनेचे मुख्य चिटणीस झाले. इसाओ ताकाहाता त्याच संघटनेचे उपाध्यक्ष होते. म्हणजे ज्या दोघांनी पुढे जगाला वेड लावले त्यांनी सभा भरवल्या होत्या, मागण्यांचे कागद लिहिले होते.

त्याच संस्थेत ताकाहातांनी पहिला चित्रपट केला, ‘होल्स’, 1968 साली. तो करताना सर्व थरांतल्या चित्रकारांना कल्पना मांडायला बसवले होते. त्यात हिवाळ्याचा राक्षस एका गावावर चालून येतो. नायकाजवळ पुराणी, गंजलेली तलवार आहे. ती एकट्याने घडत नाही; सगळा गाव भट्टीभोवती जमतो तेव्हा ती घडते. चित्रपट थोडे दिवस चालला आणि उतरला. त्या संस्थेत ताकाहातांना पुन्हा पूर्ण लांबीचा चित्रपट दिग्दर्शित करायला मिळाला नाही. चित्रपटात दोष आहेत, मधला भाग घाईचा वाटतो. तरी ती भट्टी पाहताना मला 1982 चे आमचे चाळीतले सामुदायिक स्वयंपाक आठवले.

आता ज्याने मला दोन रात्री झोपू दिले नाही त्या चित्रपटाकडे येतो. ‘प्रिन्सेस मोनोनोके’, 1997. एबोशी नावाची बाई लोखंडाचा कारखाना चालवते. ती वेश्यागृहांतून बायकांना सोडवून आणते आणि भात्यावर कामाला लावते. महारोग्यांना आसरा देते, त्यांच्या जखमा स्वतः धुते. त्या बायका चार दिवस नि पाच रात्री भाता तुडवतात आणि तरी म्हणतात की बाहेरच्यापेक्षा इथे बरे. पोटभर मिळते, पुरुषांची दादागिरी नाही. आणि हीच एबोशी लोखंडासाठी जंगल तोडते, वनदेवतेवर बंदूक चालवते. प्रेक्षक शेवटपर्यंत खलनायक शोधत राहतो आणि तो सापडत नाही.

मला तो का झोंबला ते सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका रासायनिक कारखान्याचे पाणी खाडीत जात असे. तिथे आमची युनियन होती. खाडीवरचे कोळी बांधव तक्रार घेऊन आमच्या कचेरीत आले. कारखाना बंद पडला तर चारशे घरांच्या पोटावर पाय येणार होता. मी त्यांना चहा पाजला, दोन गोड शब्द बोललो आणि परत पाठवले. त्या चारशे घरांना मी आजही चूक म्हणणार नाही. परंतु मला दोन्ही बाजूंना एका सतरंजीवर बसवता आले असते, आणि मी प्रयत्नही केला नाही. चित्रपटातला तरुण आशिताका तेच करू पाहतो आणि दोन्हीकडून मार खातो. हे चित्र लहान मुलांसाठी आहे असे आता कोणी म्हटले तर मी त्याला एबोशीबद्दल विचारीन.

ताकाहातांचा 1988 सालचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ मी एकदाच पाहिला. पुन्हा पाहणार नाही. 1945 साली कोबे शहरावर बाँब पडतात, आई मरते, चौदा वर्षांचा सेइता चार वर्षांच्या बहिणीला घेऊन मावशीकडे राहतो. मावशी आईची रेशमी वस्त्रे विकून तांदूळ आणते, टोमणे मारते, कांजीतही हात आखडता घेते. सेइता मानाने घर सोडतो, तळ्याकाठच्या खंदकात राहतो, आणि आईने बँकेत ठेवलेले पैसे असूनही बहीण उपासमारीने जाते. सारे प्रेक्षक मावशीला दूषणे देतात. संपानंतर आम्ही वर्षभर मामाकडे राहिलो. मामी भाकऱ्या मोजून वाढत असे, आणि मी तिला जन्मभर चिक्कू म्हणत आलो. तिच्या स्वतःच्या ताटात किती भाकऱ्या होत्या हे मी कधी मोजले नव्हते. मामी आता हयात नाही.

मंडळी, आता या धंद्याच्या हिशेबाकडे वळतो, कारण हिशेब न पाहता उठलो तर मला माझीच माणसे विचारतील.

1 जानेवारी 1963 रोजी ओसामु तेझुका यांची ‘आतोमू’ ही मालिका जपानी दूरदर्शनवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्धा तास. इतक्या वेगाने काम उरकायचे म्हणून चित्रांची संख्या कमी केली, आणि मालिका खर्चाहून कमी दराने विकली. कला वाढली, नाव झाले, परंतु स्वस्ताईची ती चाकोरी धंद्याला पडली ती पडली. दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रे जो काढतो, ज्याच्यामुळे हात उचललेला दिसतो आणि केस उडताना दिसतात, त्याला जपानमध्ये आजही बहुधा नगावर मजुरी मिळते. तिथल्या चित्रकारांच्या संघटनेने 2015 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा कामगाराची सरासरी वार्षिक कमाई सुमारे 11 लाख येन निघाली. टोकियोसारख्या शहरात एवढ्यात पोट भरणे कठीण. ‘शिरोबाको’ ही 2014-15 ची चोवीस भागांची मालिका याच धंद्यावर आहे. ती गोड आहे, धावपळ खरी आहे. पण रात्री-रात्री जागणे तिने फार हसतखेळत दाखवले आहे. जागरणाचा भत्ता कोण देतो, हे तिच्यात कोणी विचारीत नाही.

उलट उदाहरणेही आहेत. क्योतो अॅनिमेशन ही संस्था आपल्या चित्रकारांना मासिक पगारावर ठेवण्यासाठी आणि घरीच तयार करण्यासाठी ओळखली जाते. 2019 च्या जुलैमध्ये एका माणसाने तिथे आग लावली आणि 36 माणसे गेली. त्यांनी काढलेले काम मी पाहिले आहे. ते हात पुन्हा मिळणार नाहीत. जिब्लीने, म्हणजे मियाझाकींच्या संस्थेने, 1989 नंतर चित्रकारांना कायम नोकरीत घेतले आणि पगार दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. 2014 साली मात्र तो निर्मिती विभाग बंद झाला. एकेकाळचा युनियनचा चिटणीस मालकाच्या बाजूला बसला तेव्हा त्याने आपली जुनी मागणी मान्य केली, हे मला त्याच्या ऑस्करपेक्षा मोठे वाटते. पण ती मागणी टिकवणे एका संस्थेच्या हातचे नव्हते, हेही दिसले.

शेवटी घरची गोष्ट. चित्रपट संपला की नावांची लांबच लांब यादी वर सरकू लागते. मी उठू लागलो की मुलगी हात धरून बसवी. एकदा मी सहज विचारले, तुझे नाव कोणत्या चित्रात येते? ती म्हणाली, “आमचे नाही येत, बाबा. काम परदेशाचे, मध्ये दोन ठेकेदार. नाव त्यांचे जाते.” मग मी दर विचारला. दर नगावर. चित्र परत आले तर दुरुस्ती फुकट. दोन वर्षे हे मला का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “तुम्ही याला कामच म्हणत नव्हता.”

चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या हजेरीपटावरची नावे मी भांडून चढवून घेतली, आणि घरातल्या कामकऱ्याचे नाव माझ्याच तोंडी नव्हते.

आता ती आणि तिच्याबरोबरचे अकरा जण एक वही लिहितात. किती चित्रे दिली, किती परत आली, किती तास गेले. मी ती वही मागितलेली नाही. त्यांनी बोलावले तर जाईन, आणि मागे बसेन. परवा तिने एवढेच विचारले की तुमच्या पहिल्या युनियनची पावतीपुस्तके कोणी छापली होती, आणि वर्गणी किती होती. वर्गणी दोन रुपये होती, ते मी सांगितले.

आपल्याला माझी एकच विनंती आहे. पोराबाळांबरोबर ही चित्रे पाहाल तेव्हा शेवटची नावे सरेपर्यंत बसा. वाचता आली नाहीत तरी चालेल. आणि आपल्या गावातली जी मुले हे काम करतात त्यांना कधीतरी दर विचारा.