स्त्री-आरोग्य आणि एचपीव्ही : संकोच दूर व्हावा

(न्यासाच्या वार्षिक सभेत स्त्रीरोग विभागाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत आमचा विभाग प्रसूती व शस्त्रक्रियांचा आढावा आपल्यापुढे ठेवतो. यंदा मात्र अध्यक्षांच्या अनुमतीने आम्ही अशा एका विकाराविषयी बोलणार आहोत, ज्याचा उच्चार करण्यासही आमच्या रुग्ण भगिनी संकोचतात. तो विकार म्हणजे जननेंद्रियावर येणाऱ्या चामखिळी, आणि त्यामागील ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, अर्थात एचपीव्ही.

मध्यंतरी कृष्णाकाठच्या एका गावातून एक सूनबाई सासूबाईंसमवेत आमच्याकडे आल्या. पाचवा महिना होता. चामखिळींवर कोणाच्या सांगण्यावरून चुना लावल्यामुळे कातडी भाजली होती. वेदनेपेक्षाही दोन प्रश्नांनी त्या घराला ग्रासले होते. सूनबाईंनी विचारले, "हा कॅन्सर आहे का?" सासूबाईंनी विचारले, "हे हिला आलं कुठून?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. एचपीव्हीचे 200 हून अधिक प्रकार आहेत. सुमारे 90 टक्के चामखिळी 6 आणि 11 या प्रकारांमुळे येतात आणि या प्रकारांपासून गर्भाशयमुखाचा कर्करोग सहसा होत नाही. गरोदरपणात त्या वाढतात, प्रसूतीनंतर पुष्कळदा ओसरतात. त्यांवर औषध, गोठवणे किंवा विद्युतदहन असे उपचार आहेत. मात्र गरोदर स्त्रीला पोडोफायलिनसारखी काही औषधे चालत नाहीत. म्हणून चुना, बिब्बा वा ॲसिड यांचे घरगुती प्रयोग कटाक्षाने टाळावेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणताही वैद्य देऊ शकत नाही. हा विषाणू प्रामुख्याने शरीरसंबंधातून पसरतो हे खरे. परंतु तो शरीरात महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो. तो केव्हा आणि कोणाकडून आला, हे चामखीळ पाहून ठरवता येत नाही. लैंगिक जीवन असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होतोच. तेव्हा एवढ्या कारणावरून सुनेला माहेरी धाडणे हा अन्याय आहे. आम्ही हे समजावून सांगितल्यावर पुढील खेपेस सासूबाईंनी मुलालाही सोबत आणले, याचे आम्हांस समाधान वाटते.

खरी चिंता आहे ती डोळ्यांना न दिसणाऱ्या संसर्गाची. 16 आणि 18 हे प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे 70 टक्के कर्करोगांना कारणीभूत ठरतात. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा संसर्ग दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो टिकून राहतो, त्यांपैकी काहींना पुढे साधारणतः 15 ते 20 वर्षांनी कर्करोग होतो. म्हणजे रोग गाठण्यासाठी आपल्या हाती मोठा अवधी असतो. तो आपण दवडतो, याचेच दुःख आहे.

गळीत हंगाम सुरू झाला की बीड व मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे आपल्या सातारा-सांगलीच्या फडांवर येतात. शासनाने 2019 मध्ये नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील 82 हजारांहून अधिक ऊसतोड भगिनींची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाणे, पाळीच्या तक्रारी, कर्करोगाची भीती आणि खाडा पडला की बुडणारी मजुरी, यांपोटी अनेकींनी ऐन तारुण्यात शस्त्रक्रिया पत्करली. वेळेवर एक साधी तपासणी झाली असती, तर त्यांतील कितीतरी जणींचे भय दूर झाले असते.

या तपासणीचे मोल महाराष्ट्रानेच जगाला दाखवून दिले आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 साली 30 ते 59 वयोगटातील 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. त्यात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांचा सहभाग होता. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाला एचपीव्ही चाचणी केवळ एकदा देऊ करण्यात आली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू चाचणी न दिलेल्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्मे झाले. चाचणी निर्दोष आलेल्यांपैकी एकही भगिनी पुढील आठ वर्षांत या रोगाने दगावली नाही.

जेथे ही चाचणी उपलब्ध नाही, तेथे सौम्य ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुख पाहता येते. मिनिटाभरात संशयित भाग पांढरा दिसतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने दर पाच वर्षांनी ही तपासणी करून घ्यावी, असे राष्ट्रीय कार्यक्रमात सांगितले आहे.

मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस 2023 साली बाजारात आली. ती 6, 11, 16 व 18 या चारही प्रकारांविरुद्ध आहे, म्हणजे चामखीळ व कर्करोग या दोहोंपासून संरक्षण देते. ऑस्ट्रेलियात 2007 साली मुलींचे लसीकरण सुरू झाल्यानंतर तरुणींमधील चामखिळी झपाट्याने घटल्या. लस 9 ते 14 या वयात दिल्यास सर्वाधिक उपयुक्त ठरते. आधीच झालेला संसर्ग मात्र तिने बरा होत नाही आणि लस घेतली तरी पुढे तपासणी टाळता येत नाही.

देणगीदारांना आमची विनंती एवढीच, की यंत्रसामग्रीइतकेच साहाय्य फडावरच्या आणि वाड्यावस्त्यांवरच्या भगिनींच्या तपासणीलाही लाभावे. आणि नातेवाईकहो, आपण घरातील स्त्रीला तपासणीस घेऊन या, तिच्याबरोबर बसा. हे कोठून आले, असे तिला विचारू नका. एवढे झाले, तरी आमचे निम्मे काम झाले असे आम्ही समजू.