पैशाचे अक्षरज्ञान



आजच्या विषयाचे नाव वाचून येथे श्रीमंत होण्याची एखादी युक्ती ऐकावयास मिळेल, अशी कोणाची अपेक्षा असेल तर तिची निराशा होणार आहे. तशी युक्ती आमच्यापाशी नाही. आणि ज्याच्यापाशी ती असते तो व्याख्याने देत हिंडत नाही, हे आपण जाणताच. आम्हांस आपल्यापुढे एक साधी योजना ठेवावयाची आहे. पैशाच्या व्यवहाराचे प्राथमिक शिक्षण देणारा एक वर्ग आपल्या गावात निघावा आणि तो गावकऱ्यांनीच चालवावा, एवढीच ती योजना.

वसंत ऋतूत अशी व्याख्याने भरविण्याचा प्रघात न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास १८७५ साली पाडला. त्याच वर्षी, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती येताच त्यांनी ते जाळले. पाहता पाहता हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत पोचले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यांच्या मुळाशी वाढलेला सारा होता, कापसाचा कोसळलेला भाव होता. पण ज्या कागदावर आपला अंगठा उठला आहे त्यात काय लिहिले आहे हे आपल्याला ठाऊक नाही, ही जळजळही होती. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा अशी तरतूद त्यात आली. ऋणको आणि कागद यांच्यामध्ये तिसरा जाणता माणूस उभा करावा, हा त्यातला हेतू. याच कायद्याखाली पुढे रानडे यांनी खास न्यायाधीश म्हणून काम पाहिले. व्याख्यानमाला आणि कर्जरोखा हे दोन विषय आपल्याला वाटतात तितके एकमेकांपासून दूर नाहीत, ते असे.

आता कोणी म्हणेल, तो काळ गेला. आज घरोघर शिकलेली माणसे आहेत. खरे आहे. पण वाचता येणे निराळे आणि व्यवहार उमगणे निराळे. २०१९ साली देशभर जी पाहणी झाली, तीत शंभर प्रौढांपैकी अवघे सत्तावीस आर्थिक साक्षरतेच्या कसोटीस उतरले. पूर्वी अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवीत. आज तोच अंगठा मोबाईलच्या काचेवर ‘मान्य आहे’ या शब्दांवर टेकतो. वरचा मजकूर तेव्हा वाचता येत नव्हता, आता वाचला जात नाही.

एक उदाहरण घेऊ. बारा हजार रुपये वर्षाच्या मुदतीने ‘दहा टक्क्यांनी’ कर्जाऊ मिळतात. व्याज बाराशे, एकूण तेरा हजार दोनशे, म्हणजे दरमहा अकराशेचा हप्ता. हिशेब सरळ दिसतो. पण आपण दर महिन्यास मुद्दलापैकी हजार रुपये परत करीत असतो. शेवटच्या महिन्यात आपल्याकडे हजारच रुपये उरलेले असतात आणि व्याज मात्र बारा हजारांवरचे चालू असते. वर्षभराची सरासरी काढली तर साडेसहा हजारच आपल्या हाती राहिले. म्हणजे दहा टक्के म्हणून घेतलेले कर्ज प्रत्यक्षात अठराच्या आसपास पडले! यात कोणी खोटे बोललेले नाही. फक्त ‘व्याज मूळ रकमेवर की उरलेल्या रकमेवर?’ हा प्रश्न कोणी विचारला नाही. तसेच खाजगी व्यवहारातल्या ‘शेकडा दोन’चे. ते बहुधा महिन्याचे असतात. वर्षाचे चोवीस होतात.

दुसरे उदाहरण ठेवीचे. बँकेतल्या ठेवींना १९६२ पासून विम्याचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते दर बँकेत दर ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज मिळून, पाच लाखांपर्यंत आहे. ते सहकारी बँकेलाही लागू आहे; पतसंस्थेला नाही. पतसंस्था वाईट असतात असा याचा अर्थ नव्हे. आपल्या कित्येक गावांचे संसार त्यांनी सावरले आहेत. परंतु आयुष्याची पुंजी ठेवताना पाटीवर ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’, एवढे तरी निवृत्त माणसाने पाहावे की नाही?

तिसरे उदाहरण तर दोन ओळींचे आहे. मोबाईलवर पैसे घेण्यासाठी पिन द्यावा लागत नाही. तो फक्त देण्यासाठी लागतो. आणि फसगत झालीच, तर लाज न धरता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. या दोन ओळी ठाऊक नसल्यामुळे महिन्याची कमाई एका क्षणात जाऊ शकते.

हे शिकविता येते काय? साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवड येथे चेतना सिन्हा आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महिलांची सहकारी बँक काढावयाचे ठरविले, तेव्हा पहिला अर्ज नामंजूर झाला. कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या. त्या खचल्या नाहीत, शिकू लागल्या. पुन्हा गेल्या तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांनाच आव्हान दिले: मुद्दल सांगा, यंत्राशिवाय व्याज आम्ही काढून दाखवितो. सिन्हा यांनी ही हकीकत जाहीरपणे सांगितली आहे. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. रानात राबणाऱ्या बायांना जे जमले ते आपल्याला जमणार नाही, असे कोण म्हणेल?

म्हणून वर्गाची आमची कल्पना अशी. आठवड्यातून एक बैठक, अशा आठ बैठका. एका बैठकीत एकच प्रश्न: घरचा जमाखर्च, व्याज, कर्जाचा कागद, ठेव, भिशी आणि बचत गट, विमा, वारसाची नोंद, आणि मोबाईलवरचा व्यवहार. पुस्तक वेगळे नको; ज्याने त्याने आपल्या घरचा एखादा कागद आणावा, नावे आणि आकडे झाकून. स्त्रियांसाठी दुपारची वेळ असावी. रात्रीच्या वर्गाला त्यांना चुलीपासून उठता येत नाही. शिकविणारे आपल्यातलेच असावेत: निवृत्त शिक्षक, बँकेतले कारकून, बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या ताई.

दोन नियम मात्र वज्रलेप समजावेत. पहिला, ज्याला विमा, ठेव किंवा गुंतवणूक विकून दलाली मिळते तो शिक्षकाच्या खुर्चीवर बसणार नाही. त्याने विद्यार्थी म्हणून अवश्य यावे. वर्गात सल्ला मिळेल तो ‘काय विचारावे’ याचा. ‘कोठे गुंतवावे’ याचा नाही. दुसरा नियम, कोणाचेही उत्पन्न, कर्ज किंवा शिल्लक विचारली जाणार नाही.

हा दुसरा नियम आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. आपल्या समाजात आजाराविषयी माणूस शेजाऱ्याशी बोलतो, कर्जाविषयी बोलत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. पण झाकल्या मुठीत अनेकदा कर्जाचा कागदच असतो, आणि तो घरच्या माणसांना कळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. ही लाज हेच सावकाराचे आणि भामट्याचे खरे भांडवल. व्याजाचे गणित यंत्रही करील; ‘हे मला समजले नाही, पुन्हा सांगा’ असे चारचौघांत म्हणण्याचे धैर्य यंत्र देणार नाही. ते सवयीने येते आणि सवय लावण्यासाठी वर्ग हवा.

या वर्गाने पगार वाढणार नाही, पाऊस वेळेवर पडणार नाही, औषधाची बिले कमी होणार नाहीत. गरिबीचे सारे खापर गरिबाच्या अज्ञानावर फोडणे अन्यायाचे होईल, आणि तसे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की जे थोडे घामाने मिळते ते न समजलेल्या कागदावर जाऊ नये.

त्यासाठी इमारत नको, देणगी नको. एक खोली, एक फळा, आठ संध्याकाळी आणि तितक्याच दुपारी पुरेत. ज्यांना शिकवावयाचे आहे आणि ज्यांना शिकावयाचे आहे, त्या दोघांनीही जाण्यापूर्वी दाराशी ठेवलेल्या वहीत आपले नाव लिहावे. दोन्ही यादींत तेच नाव आले तरी चालेल. खरे तर तसेच व्हावे, अशी आमची इच्छा आहे.