मेंदूची कामे आणि आपल्या घरची माणसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मेंदूसारखा रुक्ष विषय कशाला, असे आपल्यापैकी काहीजणींना वाटले असेल. परंतु घरातले एखादे वडीलधारे माणूस तेच तेच विचारू लागले, की ‘मुद्दाम करतात’, ‘वेड पांघरतात’ असे शब्द आपल्या तोंडून सहज निघून जातात. मेंदूचे काम कसे चालते एवढे कळले, तर हे शब्द पुष्कळसे आवरतील अशी माझी खात्री आहे. म्हणून हाच विषय मी घेतला.

कवटीच्या आत अक्रोडाच्या गरासारखा सुरकुत्या असलेला एक मऊ गोळा असतो, तोच आपला मेंदू. त्याचे वजन सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम पन्नासाव्या हिश्शाइतके. पण आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराच्या एकूण खर्चाचा जवळजवळ पाचवा हिस्सा हा एकटा घेतो! शिवाय पुढच्या दिवसांची बेगमी करून ठेवण्याची सोय त्याच्यापाशी नाही. प्राणवायू आणि साखर त्याला रक्तातून क्षणोक्षणी मिळावी लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

या गोळ्यात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. एकेका पेशीचा हजारो पेशींशी संबंध असतो. पेशीतून विजेच्या सूक्ष्म लहरीसारखा निरोप धावतो, आणि दोन पेशींच्या मधली फट तो रासायनिक द्रव्याच्या साहाय्याने ओलांडतो. एकच गोष्ट आपण पुनःपुन्हा केली, की त्या वाटेवरचे दुवे बळकट होतात. रानातली पायवाट रुळते, तसेच हे. मुलांना पाढे रोज म्हणायला लावतात, त्यामागचे कारण हेच.

निरोप कसे फिरतात याचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातलेच घ्या. तापलेल्या तव्याला बोट लागले, की हात आधी मागे येतो आणि ‘आई गं’ नंतर निघते. हात मागे घेण्याचा हुकूम पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू परस्पर देऊन टाकतो. भाजल्याची वर्दी मेंदूला किंचित उशिरा पोचते. मोठ्या कचेरीत प्रत्येक कागद वरिष्ठांकडे जात नाही, त्यातलाच हा प्रकार.

मेंदूचे ढोबळ भाग तीन. विचार, बोलणे, पाहणे, ठरवणे ही कामे मोठ्या मेंदूची. तोल आणि हालचालींतला सफाईदारपणा लहान मेंदू सांभाळतो. श्वास आणि हृदयाचे ठोके आपण झोपलो तरी चालू राहतात, ते खालच्या देठासारख्या भागामुळे. मोठ्या मेंदूचे दोन अर्ध असून डावा अर्ध शरीराची उजवी बाजू हलवतो व उजवा अर्ध डावी.

निरनिराळ्या कामांना निरनिराळ्या जागा आहेत, हे शास्त्रज्ञांना बहुतांशी आजारी माणसांमुळेच कळले. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने एक रोगी पाहिला. त्याला दुसऱ्याचे बोलणे समजे. पण काहीही विचारले तरी त्याच्या तोंडून बहुधा ‘तान’ एवढेच निघे. तो वारल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा भाग बिघडलेला आढळला. पक्षाघाताने वाचा गेलेले माणूस आपण जे बोलतो ते सारे समजत असू शकते, हे यावरून लक्षात घ्यावे. त्याच्या उशाशी बसून त्याच्याच दुखण्याची चर्चा करणे किती क्रूर आहे!

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. हेन्री मोलेसन या तरुणाला अपस्माराचे भयंकर झटके येत. १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला थोडा भाग शस्त्रक्रिया करून काढला. त्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा बराच अंश गेला. झटके कमी झाले, बुद्धी आणि बोलणे शाबूत राहिले, लहानपण आठवत होते. पण नवी आठवण म्हणून टिकेना. भेटलेले माणूस खोलीबाहेर जाऊन परत आले, की ते त्याला नवेच वाटे. ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि तरीही हे आपण पूर्वी केले आहे याची आठवण त्याला एकदाही नव्हती! २००८ साली तो वारला, तोपर्यंत तो शास्त्रज्ञांना सहकार्य करीत राहिला.

या एका माणसामुळे कळले, की स्मरणशक्ती ही एकच कोठी नाही. घडलेल्या प्रसंगांची आठवण निराळी आणि हाताला बसलेले वळण निराळे. अल्झायमरच्या आजारात हाच हिप्पोकॅम्पस बहुधा आरंभीच झिजू लागतो. म्हणून आजींना आपण जेवलो की नाही हे आठवत नाही, पण त्यांच्या हातची वात मात्र पूर्वीसारखीच एकसारखी वळली जाते, लग्नातले उखाणेही आठवतात. ‘जुने सगळे बरे आठवते, सोयीचे तेवढेच विसरतात!’ असे आपण म्हणतो. भगिनींनो, त्यात सोय काही नाही. आठवण ठेवण्याची जागाच झिजली आहे.

मग आपण काय करावे? प्रश्न पुन्हा आला तर उत्तर पुन्हा द्यावे; त्यांच्या दृष्टीने तो पहिल्यांदाच विचारलेला असतो. ‘ओळखा पाहू मी कोण?’ अशी परीक्षा न घेता आपणच आपले नाव सांगावे. वाती, शेंगा सोलणे, फुले निवडणे अशी हाताला ठाऊक असलेली कामे त्यांना द्यावीत. आणि ‘वय झाले’ म्हणून स्वस्थ बसू नये. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडल्याने किंवा थायरॉइडच्या दोषानेही विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार असतात. म्हणून डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

शेवटची गोष्ट घाईची आहे. मेंदूला रक्त सतत लागते, असे मी आरंभी म्हटले. एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, की पक्षाघात होतो. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलत नाही, बोलणे अडखळले, यांपैकी एक जरी चिन्ह एकाएकी दिसले, तरी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्यावे. गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही रक्तस्राव नाही याची खात्री करून. म्हणून त्रास कधी सुरू झाला ती वेळ ध्यानात ठेवावी. तोंडात पाणी, चहा वा गोळी घालू नये. चोळत बसू नये, ‘सकाळपर्यंत पाहू’ असेही म्हणू नये. चिन्हे आपोआप ओसरली तरी दाखवायला जावेच.

मंडळात आपण पाककृती एकमेकींना सांगतो, तशीच ही तीन चिन्हेही आज घरी जाऊन सांगावीत, एवढी विनंती करून मी माझे भाषण पुरे करते.